ठिपका नेमका कुठे आहे?

क्युरिऑसिटी रोव्हरने 3 एप्रिल 2014 रोजी मंगळावर काढलेल्या एका कृष्णधवल फोटोत क्षितिजाजवळ पांढराशुभ्र ठिपका दिसतो. खडकाळ माळ, पलीकडे उंचवट्याची कड, वर मंगळाचं दिवसाचं फिकट आकाश, आणि त्या कडेजवळ उभट, लख्ख उजेड. आदल्या दिवशीच्या एका फोटोतही तसाच उजेड होता. फोटो नासाने नेहमीप्रमाणे सर्वांसाठी खुला केला आणि काही दिवसांतच तो जगभर फिरला. मंगळावर दिवा कुणी लावला, असं लोक खरोखरच विचारू लागले.

मला या प्रश्नाचं हसू येत नाही. असा ठिपका पाहिल्यावर 'हे काय?' असं न वाटणाराच विरळा. पुढचा प्रश्न मात्र बहुतेकांना सुचत नाही: हा ठिपका नेमका कुठे आहे? फोटो सपाट असतो. कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरपासून थेट दूरच्या ताऱ्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली, तर त्या रेघेवर कुठेही असलेला उजेड फोटोत एकाच जागी उमटतो. तो कॅमेऱ्याच्या पोटात असेल, भिंगापासून हातभर अंतरावर असेल, तीस किलोमीटर उंचीवर असेल, नाहीतर कोट्यवधी किलोमीटर दूर असेल. फोटो त्यातलं काहीच सांगत नाही. अंतर हुडकून काढावं लागतं, आणि ते सापडलं की 'काय आहे' याचं उत्तर पुष्कळदा आपोआप समोर येतं.

क्युरिऑसिटीच्या बाबतीत ही संधी आयती होती. त्याच्या मस्तुलावर वाट दाखवणारे कॅमेरे जोडीने बसवलेले आहेत, एक डावा, एक उजवा. उजव्याने हा फोटो घेतला, तेव्हा एका सेकंदाच्या आत डाव्यानेही घेतला होता. डाव्याच्या फोटोत ठिपका नव्हता. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत या कॅमेऱ्यांचं काम पाहणारे जस्टिन माकी यांनी तेव्हा दोन्ही दिवसांची परिस्थिती मांडली. सूर्य ठिपक्याच्याच दिशेला होता आणि बराच खाली उतरला होता. एखाद्या खडकाच्या गुळगुळीत बाजूवरून ऊन परावर्तित झालं असेल, तर तो खडक रोव्हरपासून सुमारे 160 मीटरवरच्या कडेवर असावा. नाहीतर कॅमेऱ्याच्या पेटीला हवा खेळण्यासाठी जे छिद्र असतं, त्यातून ऊन थेट सेन्सरवर पडलं असेल. तिसरी शक्यता वैश्विक किरणाची, म्हणजे अवकाशातून आलेल्या वेगवान कणाने सेन्सरला दिलेल्या धक्क्याची. असे उजळ ठिपके असलेले फोटो क्युरिऑसिटीकडून जवळपास दर आठवड्याला येतात, असंही त्यांनी सांगितलं होतं. त्यातला एखादाच क्षितिजावर अशा मोक्याच्या जागी उमटतो आणि प्रसिद्ध होतो.

वैश्विक किरण पृथ्वीवरही आपल्याला चुकत नाहीत. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्यूऑन, म्हणजे या किरणांमुळे हवेत तयार झालेला एक कण, पार होतो. आपल्या तळहातातूनही, हे वाचत असताना. पण दिवसा मोबाइलचं शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतंच उघडं असतं आणि सेन्सर असतो नखाएवढा. त्यामुळे आपल्या फोटोतल्या ठिपक्याचा दोष म्यूऑनला देण्याआधी दुसरीकडे पाहिलेलं बरं. एखादा पिक्सेल बिघडला असेल, तर ठिपका प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो. दोन फोटो शेजारी ठेवले की हे लगेच कळतं.

लोक ज्या ठिपक्यांनी सर्वांत जास्त चक्रावतात, ते कॅमेऱ्याच्या आतच, पण भिंगांमध्ये तयार होतात. उन्हात मोबाइलने काढलेला एखादा फोटो उघडून पाहा, ज्यात सूर्य चौकटीत आहे. बहुतेकदा कुठेतरी हिरवट किंवा निळसर ठिपका सापडेल. आता सूर्यापासून फोटोच्या बरोब्बर मध्यापर्यंत रेघ ओढा आणि तेवढीच पलीकडे वाढवा. रेघेचं टोक ठिपक्यावर, निदान त्याच्या अगदी जवळ येतं. सूर्य वरच्या उजव्या कोपऱ्यात असेल तर ठिपका खालच्या डाव्या कोपऱ्यात. ही खूण मला फार आवडते, कारण ती पडताळायला बोटाशिवाय काही लागत नाही.

हे घडतं कसं? सूर्याची प्रतिमा सेन्सरवर पडते. सेन्सर चकचकीत असल्यामुळे त्या प्रकाशाचा थोडा भाग माघारी फिरतो, भिंगाच्या एखाद्या पृष्ठावर आपटतो आणि पुन्हा सेन्सरवर येतो, पण मध्याच्या दुसऱ्या बाजूला. साध्या काचेचं एकेक पृष्ठ जवळपास चार टक्के प्रकाश परत पाठवतं. मोबाइलच्या इवल्या कॅमेऱ्यात पाच-सहा भिंगं एकामागे एक असतात, म्हणजे दहा-बारा पृष्ठं. त्यांच्यावर उपाय केला नसता, तर उन्हातला प्रत्येक फोटो अशा आभासी सूर्यांनी भरून गेला असता. तो उपाय म्हणजे भिंगांवरचा अतिशय पातळ लेप. झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी 1930च्या दशकात तो तयार केला. लेपामुळे परत फिरणारा प्रकाश खूप घटतो, पण सगळ्या रंगांचा सारखा घटत नाही. उरलेल्या ठिपक्याला हिरवी-निळी झाक येते ती त्यामुळे. व्हिडिओ घेताना मोबाइल हलकेच डावीकडे वळवा. चौकटीत सूर्य उजवीकडे सरकतो आणि ठिपका डावीकडे. आकाशातली कुठलीही खरी वस्तू सूर्याच्या उलट दिशेने अशी पळत नाही.

भिंगातून बाहेर पडलं की हातभर अंतरावरची हवा लागते, आणि ही हवा वाटते तितकी रिकामी नसते. आपल्याकडे उन्हाळ्यात रुईच्या, सावरीच्या म्हाताऱ्या वाऱ्यावर निघतात. एखाद्या इमारतीच्या सावलीत असं उभं राहा की सूर्य छपराच्या कडेमागे पूर्ण झाकला जाईल, आणि त्या कडेलगतच्या आकाशाकडे पाहा. (सूर्य झाकलेलाच राहू द्या. उघड्या सूर्याकडे डोळ्यांनी किंवा दुर्बिणीतून पाहणं म्हणजे दृष्टी गमावणं.) एरवी निळ्या दिसणाऱ्या त्या पट्टीत लखलखते कण तरंगताना दिसतात: म्हाताऱ्या, कोळ्याच्या जाळ्याचे सुटे धागे, चिलटं, परागकण. बारीक कणावर आदळलेला प्रकाश मागे फारसा वळत नाही. बराचसा किंचित कलून पुढेच जातो. म्हणून सूर्याच्या दिशेचा कण झळाळतो आणि तोच कण पाठीमागच्या आकाशात गेला की दिसेनासा होतो. कॅमेऱ्याने लांबवर नजर लावलेली असते, त्यामुळे जवळची म्हातारी फोटोत तंतूंची न दिसता गोल, मऊ तबकडी होऊन उतरते. हातभर अंतरावरचं बी मग कित्येक किलोमीटरवरचं यान भासतं.

याच घोळाचं एक जुनं प्रकरण अजून मिटलेलं नाही. मेक्सिकोतल्या झाकातेकास इथल्या वेधशाळेत 12 ऑगस्ट 1883 रोजी होसे बोनिया सूर्यावरचे डाग पाहत होते. अचानक सूर्यबिंबावरून लहान लहान आकृत्या ओळीने जाऊ लागल्या. दोन दिवसांत त्यांनी चारशेहून अधिक मोजल्या आणि काहींचे फोटोही घेतले. उजळ ठिपक्यांऐवजी उजळ सूर्यावरचे काळे ठिपके, पण कोडं तेच. बोनियांनी दुसऱ्या वेधशाळांना कळवलं. मेक्सिको सिटी आणि पुएब्ला इथे कुणालाच काही दिसलं नाही. 1886 मध्ये हा वृत्तान्त फ्रान्समधल्या 'लास्त्रोनोमी' या नियतकालिकात आला, तेव्हा संपादक कामिय फ्लामारियों यांनी पक्षी, कीटक किंवा धूळ असावी असं मत दिलं. 2011 मध्ये मेक्सिकोतल्याच काही खगोलशास्त्रज्ञांनी वेगळा तर्क मांडला: पृथ्वीजवळून गेलेल्या फुटक्या धूमकेतूचे ते तुकडे असतील.

गंमत अशी की दोन्ही तर्क एकाच पुराव्यावर उभे आहेत. दुसऱ्या शहरांतून दिसलं नाही, म्हणजे वस्तू जवळची होती. जवळची म्हणजे किती? छपरावरून उडणाऱ्या पाखराइतकी, की काही हजार किलोमीटर? मला फ्लामारियोंचं म्हणणं पटतं. धूमकेतूचे शेकडो तुकडे इतक्या जवळून जाताना त्यांच्यासोबत उल्कांचा एकही मोठा वर्षाव कुणाच्या नोंदीत नसावा, हे पचनी पडत नाही. पण त्या दिवशी थोड्या अंतरावर दुसरा कॅमेरा असता, तर आज मताची गरजच उरली नसती.

आणखी वर जाऊ. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र आहे. होमी भाभांनी वैश्विक किरण मोजण्यासाठी फुगे सोडायला सुरुवात केली, त्या कामाचा विस्तार म्हणजे हे केंद्र. अतिशय पातळ पॉलिथिनचे अवाढव्य फुगे इथून तीस-चाळीस किलोमीटर उंचीपर्यंत जातात. उड्डाणं बहुधा रात्री किंवा पहाटे होतात. तिथे वर सूर्य आपल्या आधी उगवतो, त्यामुळे खाली झुंजुमुंजू असताना फुगा उन्हात न्हालेला असतो आणि दिवस वर आल्यावरही निळ्या आकाशात पांढरा ठिपका होऊन राहतो. इतक्या उंचीवरची वस्तू अर्ध्या-पाऊण तासात फारशी हलताना दिसत नाही, आवाज तर येतच नाही. वाऱ्यानुसार फुग्यांखाली टांगलेली यंत्रं हवाई छत्रीने तेलंगण, कर्नाटक किंवा महाराष्ट्रातल्या शेतात उतरू शकतात. म्हणून पेटी सापडली तर उघडू नका, पोलिसांना कळवा, असं आवाहन संस्था वर्तमानपत्रांतून करत आली आहे.

त्यातला एक ठिपका मला फार मोलाचा वाटतो. एप्रिल 2005 मध्ये इथून 2 कोटी 67 लाख घनफुटांचा फुगा वर गेला. पूर्ण फुगल्यावर त्याचा व्यास शंभर मीटरहून जास्त भरतो. त्याखाली 459 किलोची यंत्रसामग्री टांगलेली होती, द्रवरूप निऑनने गारठवलेल्या निर्जंतुक नळ्यांसह. 20 ते 41 किलोमीटरच्या पट्ट्यात त्या नळ्यांनी हवा भरून घेतली. या प्रयोगामागे जयंत नारळीकरांचा पुढाकार होता. इतक्या उंचीवर जीव असतात का, हा त्यांचा अनेक वर्षांचा ध्यास. नळ्यांतल्या हवेची तपासणी हैदराबाद आणि पुण्यातल्या प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे झाली आणि 2009 मध्ये इस्रोने जाहीर केलं की तोवर ठाऊक नसलेल्या तीन जिवाणू प्रजाती सापडल्या आहेत. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचं, एकीला इस्रोचं आणि एकीला आर्यभटाचं नाव मिळालं. हे जीव पृथ्वीबाहेरून आले, असा दावा इस्रोने केला नाही, तो योग्यच. पण त्या सकाळी मान वर करून कुणाला तो पांढरा बिंदू दिसला असेल, तर तो चाळीस किलोमीटर उंचीवरची हवा बाटलीबंद होताना पाहत होता.

फुग्याच्याही पलीकडे, रेघेच्या पार टोकाला, शुक्र आहे. भरदिवसा शुक्र दिसतो हे सांगितलं की लोक विश्वास ठेवत नाहीत. तो ढगांनी पूर्ण वेढलेला आहे आणि ते ढग अंगावर पडलेल्या उन्हाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परतवतात. त्यामुळे पूर्ण तेजात असताना तो निळ्या आकाशाच्या उजेडावरही मात करतो. अडचण तेजाची नसून शोधण्याची असते. रिकाम्या आकाशात नजर ठरायला काही नसलं की डोळ्याचा फोकस आपोआप जवळ, मीटर-दोन मीटरवर येतो आणि दूरचा बिंदू विरून जातो. मोबाइलचाही ऑटोफोकस निरभ्र आकाशात असाच चाचपडतो. दिवसाची चंद्रकोर शुक्राजवळ असेल त्या दिवशी आधी तिच्यावर नजर स्थिर करावी आणि मग शेजारी पाहावं, दिसतो. एकदा दिसला की इतका ठळक वाटतो, की आधी का दिसत नव्हता याचंच नवल वाटतं. चांगल्या झूम कॅमेऱ्यात तो कोरीसारखा वाकलेलाही दिसतो, कारण शुक्रालाही कला असतात.

2012-13 मध्ये लडाखच्या सीमेवर आपल्या जवानांनी आकाशात हळूहळू सरकणारे तेजस्वी गोल पाहिले. पलीकडून टेहळणीची यानं येत असावीत, या शंकेने तीनशेहून अधिक नोंदी झाल्या. अखेर बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे विचारणा झाली. वस्तू ताऱ्यांच्या जोडीने, त्याच गतीने सरकते की स्वतंत्र, हे तपासल्यावर उत्तर निघालं: गुरू आणि शुक्र. जवानांना भोळं म्हणण्याचं इथे काहीच कारण नाही. चार-पाच हजार मीटर उंचीवरच्या विरळ, स्वच्छ हवेत ग्रह केवढे झळाळतात याची मैदानातल्या आपल्याला कल्पना नसते. संशय घेणं हे त्यांचं काम होतं आणि त्यांनी प्रत्येक दर्शनाची नोंद ठेवली. नोंदी होत्या म्हणूनच उलगडा झाला.

आता या सगळ्यांत मला सर्वांत सुंदर वाटणारं प्रकरण. त्यात कॅमेराच आकाशात आहे. 'डिस्कव्हर' हे यान 11 फेब्रुवारी 2015 रोजी सुटलं आणि पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवर, सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधल्या एका समतोल बिंदूपाशी जाऊन राहिलं. (कल्पना अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष अल गोर यांची, 1998 मधली, मधली कित्येक वर्षं यान तयार असूनही साठवणीत पडून होतं.) त्या जागेवरून पृथ्वीची कायम दिवसाचीच बाजू दिसते. त्यावरचा 'एपिक' कॅमेरा रोज पूर्ण पृथ्वीचे फोटो घेऊ लागला आणि ते सर्वांना पाहायला मिळू लागले. लवकरच नासाला लोकांची पत्रं येऊ लागली: खंडांच्या मधोमध, कोरड्या जमिनीवर, हे लुकलुकणारे ठिपके कसले?

समुद्रावर असा चमकारा दिसला तर नवल नसतं. पाणी ऊन परतवतं. गॅलिलिओ यान डिसेंबर 1990 मध्ये पृथ्वीजवळून गेलं, तेव्हाचे फोटो तपासून खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये लेख लिहिला होता. परक्या नजरेने पाहिलं तर या ग्रहावर जीवसृष्टी आहे हे ओळखता येईल का, हा त्याचा विषय. असा चमकारा समुद्रावर आहे आणि जमिनीवर नाही, असं त्यांनी त्यात नोंदवलं होतं. एपिकचे ठिपके जमिनीवर होते. नासाच्या अलेक्झांडर मार्शाक यांनी तेच जुने फोटो पुन्हा तपासले, तर त्यांतही जमिनीवर ठिपके निघाले. पंचवीस वर्षं ते तिथेच होते.

आधी वाटलं, तळी असतील. पण ठिपके त्या मानाने फार मोठे होते. विजा? मार्शाक यांच्या चमूने जून 2015 ते ऑगस्ट 2016 या काळातले 866 चमकारे गोळा केले आणि त्यांच्या जागा तपासल्या. आडव्या आरशावरून सूर्याचा किरण थेट यानाकडे जायचा असेल, तर त्या जागी सूर्य आणि यान डोक्यावरच्या बिंदूपासून सारख्याच कोनात, समोरासमोर असायला हवेत. पृथ्वीवरची ती जागा क्षणाक्षणाला बदलते, पण गणिताने काढता येते. चमकारे फक्त तिथेच होते. वीज सूर्य कुठे आणि यान कुठे हे पाहून पडत नाही.

म्हणजे आरसा होता, आणि आडवा होता. किती उंचीवर? इथे एपिकची खास सोय कामी आली. तो वेगवेगळ्या ठरावीक रंगांत फोटो घेतो, आणि त्यातले काही रंग असे आहेत जे हवेतला ऑक्सिजन शोषून घेतो. प्रकाश जमिनीपर्यंत जाऊन परतला तर वाटेत भरपूर ऑक्सिजन लागतो आणि त्या रंगात चमकारा मंदावतो. या चमकाऱ्यांचं तेज फारसं घटलेलं नव्हतं. प्रकाश जमिनीला टेकलाच नव्हता. आरसे पाच ते आठ किलोमीटर उंचीवर, सिरस ढगांत तरंगत होते.

ते बर्फाचे स्फटिक होते. षट्कोनी, चपटे, केसाच्या जाडीच्या आसपासचे. गळणारं पान जसं आडवं होऊन हेलकावत येतं, तसे हे शांत हवेत आडवे राहून सावकाश उतरतात आणि असंख्य स्फटिक एकाच पातळीत आले की ढगाचा तुकडा आरसा बनतो. आपल्यालाही तो पाहता येतो. विमानात सूर्याच्या बाजूची खिडकी मिळाली आणि खाली पातळ सिरस ढग असले, तर क्षितिजाच्या वर सूर्य जितका, तितकाच क्षितिजाखाली एक उजळ डाग विमानासोबत धावताना दिसतो. जमिनीवरून तेच स्फटिक दुसरं रूप दाखवतात. त्यांच्या कडेतून शिरलेला प्रकाश सुमारे 22 अंशांनी वळतो, आणि सूर्याच्या डाव्या-उजव्या अंगाला, हात लांब करून धरलेल्या वितीएवढ्या अंतरावर, एकेक उजळ ठिपका उमटतो. सूर्याकडची बाजू तांबूस असते. याला सनडॉग म्हणतात. संध्याकाळी सूर्य खाली असताना आणि आकाशात पातळ ढग असताना आपल्याकडेही तो दिसू शकतो. मेच्या उकाड्यातही त्या उंचीवर बर्फच असतो.

एपिकचे ठिपके रंगीतही असतात, कधी नुसते तांबडे, कधी हिरवे, कधी निळे. एका रंगीत फोटोसाठी तीन रंगांचे तीन फोटो काही मिनिटांच्या अंतराने घेतले जातात. तेवढ्यात पृथ्वी फिरते, आरसा बाजूला जातो आणि एकाच रंगाच्या वाट्याला चमक येते.

दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचा अभ्यास करणाऱ्यांना आता या चमकाऱ्यांत रस आहे. पृथ्वीसारखा एखादा ग्रह कधी थेट फोटोत आला, तरी तो एका पिक्सेलपेक्षा मोठा दिसणार नाही. त्याच्यावर समुद्र आहे का, हे ओळखण्याचा एक मार्ग पूर्वीपासून सुचवला गेला आहे: तो ग्रह ताऱ्याभोवती फिरताना पाण्यावरून परतलेला प्रकाश त्याचं तेज ठरावीक वेळी वाढवेल. एपिकने त्यात नवा पेच घातला आहे. तेज वाढलं, तर ते पाण्याचं की ढगातल्या बर्फाचं? पृथ्वीवर उत्तर ऑक्सिजनने दिलं, प्रकाश किती खोल जाऊन आला ते सांगून. ज्या ग्रहाच्या हवेत ऑक्सिजनच नसेल, तिथे हे काम दुसऱ्या कुठल्यातरी वायूकडून करून घ्यावं लागेल.